न गंजणारें पोलाद आणि अग्नीची कसोटी



गारखेड्यांतील आमच्या स्वयंपाकघरांत परवां एक लहानसा अपघात झाला. गॅसवर पाणी तापत ठेवलें होतें, तें आटून गेलें, आणि स्टेनलेस स्टीलचें पातेलें अर्धा तास तरी कोरडेंच तापत राहिलें. धांवत जाऊन शेगडी बंद केली, तेव्हां पातेल्याच्या बुडाशीं मोराच्या पिसासारखीं रंगांचीं वलयें उमटलेलीं होतीं. बाहेरचें वलय वाळलेल्या गवताच्या रंगाचें, त्याच्या आंतलें तपकिरी, मग जांभळें, आणि अगदीं मध्यें निळें. "अहो, हें गंजलें कीं काय? आतां यांत कांहीं शिजवावें कीं नाहीं?" असा प्रश्न घरांतून आला. ज्याचें सारें आयुष्य भट्ट्यांजवळ गेलें त्याला असा प्रश्न विचारणें म्हणजे व्याख्यानाचें आमंत्रणच देणें होय. घरांत तें व्याख्यान अर्धेंच ऐकलें गेलें; उरलेलें आज आपणांस ऐकवावें असा विचार आहे.

तो गंज नव्हे. पोलादांत शेंकडा साडेदहा भागांहून अधिक क्रोमियम असलें म्हणजे हवेंतील प्राणवायूशीं त्याचा संयोग होऊन पृष्ठभागावर एक अतिशय पातळ, चिवट आणि पारदर्शक पापुद्रा तयार होतो. हा इतका पातळ असतो कीं, माणसाच्या एका केसाच्या जाडींत असे हजारों पापुद्रे मावतील. ओरखडा पडला तर तो आपोआप पुन्हां धरतो, आणि तोच आंतील लोखंडाला गंजूं देत नाहीं. भांडें तापलें म्हणजे पापुद्रा जाड होत जातो आणि त्यावर प्रकाशाचा खेळ सुरू होतो. पावसाळ्यांत ओल्या रस्त्यावर सांडलेल्या तेलाच्या तवंगांत जे रंग दिसतात, त्यांतलाच हा प्रकार. पातेलें अर्थातच पुन्हां वापरांत आलें आहे.

पण या पोलादाच्या जन्मकथेचा अग्नीशीं किती जवळचा संबंध आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. शेफील्डच्या हॅरी ब्रियर्ली यांनीं १९१३ सालीं क्रोमियमचें पोलाद ओतलें, तें कांहीं सुऱ्या आणि चमचे करण्यासाठीं नव्हे. बंदुकीच्या नळ्या आंतल्या तप्त वायूंनीं झिजत होत्या. त्या झिजूं नयेत अशा धातूच्या शोधांत ते होते. उष्णतेचा प्रश्न हातीं घेतला आणि गंजाचें उत्तर हातीं आलें. त्याच्या आदल्याच वर्षीं जर्मनींत एसेन येथील क्रुप कारखान्यांत श्ट्राउस आणि माउरर या दोघांनीं क्रोमियमबरोबर निकेल घालून आपली वेगळी वाट काढली होती. पुढें शेंकडा १८ भाग क्रोमियम आणि ८ भाग निकेल हें प्रमाण रूढ झालें, आणि आपल्या घरांतून कल्हईवाल्याची हांक हळूहळू नाहींशी झाली.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळतों. एखादें पोलाद 'उष्णता सहन करतें' असें आपण म्हणतों, तेव्हां दोन निरनिराळ्या गोष्टी एकांत कालवतों. पहिली ही कीं, तापल्यावर तें जळतें किंवा नाहीं, म्हणजे त्यावर खपल्या धरून तें झडतें किंवा नाहीं. दुसरी ही कीं, तापल्या स्थितींत तें भार पेलतें किंवा नाहीं. पहिल्या कसोटीचा मानकरी क्रोमियम. दुसरीचें श्रेय मात्र अनेकांत वांटलेलें आहे. एका कसोटीला उतरलेला धातु दुसरीलाहि उतरेल अशी समजूत करून घेणें धोक्याचें असतें. त्याची किंमत मीं मोजलेली आहे, किंबहुना दुसऱ्याला मोजावयास लावली आहे. तें पुढें सांगेन.

थंड पोलादावर त्याच्या ताकदीच्या आंतला भार टाकून ठेवला तर तें वर्षानुवर्षें जसेंच्या तसें राहतें. तापलेल्या पोलादाचें तसें नाहीं. भार तोच, उष्णता तीच, तरीहि तें दिवसेंदिवस केसाकेसानें लांबत जातें आणि शेवटीं तुटतें. इंग्रजींत यास 'क्रीप' म्हणतात. आपण त्याला सरकण म्हणूं. लंडनचे शास्त्रज्ञ आंद्रादे यांनीं १९१० च्या सुमारास शिशाच्या तारांना वजनें टांगून या सरकणीचा नियम शोधला. शिसेंच कां, याचें उत्तर मोठें बोधक आहे. शिसें ३२७ अंश सेल्सियसला वितळतें. निरपेक्ष शून्यापासून मोजलें तर आपल्या खोलींतली उष्णता शिशाच्या वितळणबिंदूच्या बरोबर अर्ध्यावर येते. म्हणून शिसें आपल्या घरांत बसल्याबसल्या सरकतें. युरोपांतील जुन्या देवळांच्या छपरांवरचे शिशाचे पत्रे शतकानुशतकें स्वतःच्याच वजनानें खालीं ओघळत आले आहेत. पोलादाचा असा अर्धा टप्पा सुमारें पावणेसहाशे अंशांवर येतो. म्हणजे ज्या उष्णतेला पोलाद नुकतेंच मंद तांबडें दिसूं लागतें, त्या उष्णतेला त्याची स्थिति आपल्या खोलींतल्या शिशासारखी असते.

हें सरकणें होतें कसें? लग्नघरांत मोठें जाजम पुढें ओढावयाचें असलें म्हणजे चार माणसें दम खातात. पण अनुभवी माणूस एका कडेला जाजमाला घडी पाडतो आणि ती घडी पायानें ढकलीत पलीकडे नेतो. जाजम तेवढें पुढें सरकतें. धातूंतील अणूंच्या रांगाहि अशाच घड्या पाडून एकमेकींवरून सरकतात. थंडींत वाटेंत एखादा खडा आला कीं घडी अडते. उष्णतेंत मात्र अणु आपली जागा सोडून हिंडूं लागतात, आणि त्यांच्या आधारानें घडी खड्यावरून चढून पलीकडे उतरते. तेव्हां उष्णतेंत पोलाद बळकट ठेवावयाचें तर दोनच उपाय. अणूंचें हिंडणें मंद करणें, आणि वाटेंत असे खडे पेरणें कीं जे उष्णतेनें विरघळणार नाहींत व वाढून मोठेहि होणार नाहींत. मिश्रणांतील प्रत्येक धातूचें काम या दोन उपायांच्या हिशेबानें पाहिलें पाहिजे.

निकेलचें काम पहिल्या प्रकारचें. साधें लोखंड आणि केवळ क्रोमियमचें पोलाद यांत अणूंची रचना जरा सैल असते. अशा पोलादाला लोहचुंबक चिकटतो. निकेल पुरेसें घातलें कीं अणूंची रचना बदलून दाट होते आणि चुंबक चिकटेनासा होतो. या दाट रचनेंत लोखंडाचे अणु सैल रचनेच्या मानानें सुमारें शंभरपट मंदपणें हिंडतात. म्हणूनच सहाशे अंशांच्या पुढें भार पेलावयाचा असतो तेथें बहुधा निकेलयुक्त पोलादच लागतें. भांड्यांच्या दुकानांत चुंबक घेऊन जाणाऱ्या गृहिणी अजाणतां अणूंच्या रचनेचीच परीक्षा करीत असतात. मात्र एक सावधगिरीचा शब्द: हीच दाट रचना मँगेनीज आणि नत्रवायु यांच्या साहाय्यानेंहि साधतां येते, आणि निकेल महाग असल्यामुळें आपल्या देशांत तशीं भांडीं पुष्कळ विकलीं जातात. चुंबक त्यांनाहि चिकटत नाहीं. तेव्हां चुंबक चिकटला नाहीं म्हणून निकेल भरपूर आहे, असा निष्कर्ष काढूं नये.

मँगेनीजविषयीं आपल्याला थोडा अभिमान वाटावयास हरकत नाहीं, कारण भंडारा आणि नागपूर या जिल्ह्यांच्या खाणींतून तें फार वर्षें निघत आलें आहे. त्याला केवळ निकेलचा गरीब भाऊ समजणेंहि बरोबर नव्हे. आमच्या छत्रपति संभाजीनगराजवळ वाळूजला १९८५ पासून दुचाकी गाड्या तयार होतात. कोणत्याहि गाडीच्या एंजिनांत जळलेला वायु बाहेर सोडणारी जी झडप असते, तिला सातशे अंशांच्या वरची धग सोसून मिनिटाला हजारों वेळां उघडमीट करावी लागते. अशा झडपांसाठीं जगभर वापरलें जाणारें एक प्रसिद्ध पोलाद आहे; त्यांत २१ भाग क्रोमियम, ९ भाग मँगेनीज, निकेल अवघें ४ भाग, आणि त्यांच्या जोडीला अर्धा भाग कर्ब व जवळजवळ तितकाच नत्रवायु असतो.

आतां या कर्बाची, म्हणजे कार्बनची गोष्ट. येथें मला माझी स्वतःची चूक सांगितल्यावांचून गत्यंतर नाहीं.

पंचवीसएक वर्षांपूर्वीं मी चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतींत पोलादाला पाणी देणाऱ्या एका लहान कारखान्यांत नोकरीस होतों. यंत्रांचे दांडे जाळीच्या तबकांत रचून साडेसहाशे अंशांच्या भट्टींत तासन्‌तास ठेवावयाचे, नंतर खपल्या काढण्यासाठीं तबकासकट आम्लाच्या हौदांत बुडवावयाचे, असा तेथला क्रम होता. तबकें अठरा-आठ जातीच्या साध्या स्टेनलेस पोलादाचीं होतीं. वर्ष दीड वर्षांत त्यांच्या जोडांच्या कडा आम्लानें कुरतडल्यासारख्या होत. कारण उघड होतें. साडेपांचशे ते साडेआठशे अंशांच्या दरम्यान पोलादांतला कर्ब धातूच्या कणांच्या सीमांवर जाऊन तेथल्या क्रोमियमशीं संयोग करतो. सीमेलगतची पट्टी क्रोमियमला मुकते, आणि जेथें क्रोमियम नाहीं तेथें रक्षक पापुद्राहि नाहीं. आम्ल मग त्या सीमांवाटें आंत शिरतें.

मी तरुण होतों, पुस्तकें ताजीं होतीं. कर्ब हाच शत्रु, तर कर्बच नको, असा विचार करून मीं कमी कर्बाच्या पोलादाचीं नवीं तबकें करविलीं. या जातींत दहा हजार भागांत कर्ब तीन भागांहून अधिक नसतो. आम्लाच्या हौदाला तीं उत्तम टिकलीं. दोन महिने सर्वांनीं माझी वाहवा केली. तिसऱ्या महिन्यांत तबकांचे तळ झोळीसारखे खालीं आलेले दिसूं लागले. मीं ते पाहिले, आणि 'आठवड्याभरानें सरळ करून घेऊं' असें म्हणालों. तो आठवडा पुरा झाला नाहीं. भट्टींतून तबक ओढून काढतांना खालीं लोंबलेला तळ उंबऱ्याला अडला, तबक तिरपें झालें, आणि तांबडे दांडे भट्टीवर काम करणाऱ्या आमच्या एका सहकाऱ्याच्या हातांवर आले. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. वर्षभर त्यांना उजव्या हाताची मूठ वळतां आली नाहीं.

मीं काय केलें होतें? ज्या कर्बाला शत्रु समजून हांकलून दिलें, तोच उष्णतेंत पोलादाचा आधार होता. कर्बाचे अणु आकारानें बारीक. ते लोखंडाच्या अणूंच्या फटींत बसतात आणि रांगांच्या घड्या अडवितात. कांहीं कर्बाचे बारीक खडे बनतात व तेहि वाट अडवितात. म्हणून बाष्पकांच्या, म्हणजे बॉयलरच्या, नियमांत असें स्पष्ट सांगितलेलें असतें कीं, सुमारें ५४० अंशांच्या वर या जातीचें पोलाद वापरावयाचें असल्यास त्यांत कर्ब दहा हजारांत चार भागांहून कमी असतां कामा नये. चार ते दहा भाग कर्बाची उष्णतेसाठींची वेगळी जातच आहे, आणि तिचे कणहि मुद्दाम मोठे ठेवतात. थंडींत बारीक कणांचें पोलाद बळकट, तर उष्णतेंत मोठ्या कणांचें, कारण कणांच्या सीमा याच उष्णतेंत सरकणीच्या चोरवाटा होतात. दहा हजारांत एक-दोन भागांचा फरक! मिठाच्या चिमटीची उपमा येथें द्यावीशी वाटते, पण मिठानें कोणाचे हात भाजत नाहींत.

शिवाय माझा उपाय आम्लाच्या बाबतींतहि अपुराच होता. कमी कर्बामुळें जोड करतांनाच्या दोन-चार मिनिटांत सीमा बिघडत नाहींत हें खरें. पण शेंकडों तास साडेसहाशे अंशांवर राहिल्यावर थोडासा कर्बहि सीमांपर्यंत पोहोंचतोच. आणखी एक वर्ष गेलें असतें तर तीं तबकेंहि कुरतडलीं गेलीं असतीं.

खरें उत्तर नायोबियम हें होतें. जुन्या पुस्तकांत याला कोलंबियम म्हणत. कर्बाला क्रोमियमपेक्षां नायोबियम अधिक प्रिय. पोलादांत कर्बाच्या आठ-दहापट नायोबियम घातलें कीं कर्ब क्रोमियमला सोडून त्याच्याशीं जोडला जातो. क्रोमियम जागच्या जागीं राहतें व सीमा शाबूत राहतात. आणि या संयोगाचे जे खडे तयार होतात ते अतिशय बारीक असून दीर्घकाळ बारीकच राहतात, म्हणून सरकणीलाहि आळा बसतो. एका बाणानें दोन पक्षी. टायटॅनियमहि हेंच काम करतें, परंतु पोलाद ओततांना तें प्राणवायूशीं झटपट संयोग पावतें, त्यामुळें त्याला सांभाळावें लागतें.

इतर धातूंविषयीं थोडक्यांत सांगतों. मॉलिब्डेनमचे अणु आकारानें मोठे असतात. दोन-तीन भाग घातले तर रांगांत ताण उत्पन्न होऊन सरकण मंदावते. नत्रवायूचें काम कर्बासारखेंच, पण क्रोमियमला लुबाडण्याचा दोष त्यांत पुष्कळच कमी. कल्पाक्कम येथील द्रुत प्रजनक अणुभट्टीसाठीं कमी कर्बाचें परंतु नत्रवायु मिसळलेलें मॉलिब्डेनमयुक्त पोलाद निवडलें गेलें, तें याच विचारानें. सिलिकॉन आणि अल्पसें सीरियम हे खपली घट्ट धरून ठेवतात.

क्रोमियमच वाढवीत नेलें तर? पंचवीस भाग क्रोमियम आणि वीस भाग निकेल घातलेलें पोलाद हजार अंशांच्या पुढेंहि झडत नाहीं; म्हणून भट्टीच्या अगदीं पोटांतले भाग त्याचे करतात. पण सातशे-आठशे अंशांवर महिनोन्‌महिने ठेवलें तर त्यांत एक कठीण, ठिसूळ संयुग तयार होतें. गरम असेतों कांहीं कळत नाहीं; भट्टी निवाल्यावर कोणी हातोडीचा एक ठोका दिला कीं मातीच्या कवेलूसारखे तुकडे पडतात. आमच्या धंद्यांत फुकट कांहींच मिळत नाहीं!

या सर्वांचा आपल्या घरांतल्या दिव्याशीं फार निकटचा संबंध आहे. मराठवाड्यांतील परळी वैजनाथच्या वीजकेंद्रासारख्या ठिकाणीं कोळशावर पाण्याची वाफ करून तिनें चक्रें फिरवितात. वाफ जितकी तप्त तितकी त्याच कोळशांतून वीज अधिक. तेथल्या धर्तीच्या संचांत वाफ सुमारें ५४० अंशांची असते. नागपूरजवळ कोराडी येथें २०१५ ते २०१७ या काळांत ६६० मेगावॅटचे जे तीन संच सुरू झाले, त्यांत ती याहून बरीच वर, सहाशेच्या अलीकडे नेलेली आहे. पन्नास अंश म्हणजे काय मोठेंसें, असें वाटेल. पण लार्सन आणि मिलर या अभियंत्यांनीं १९५२ सालीं मांडलेला हिशेब पाहा. सहाशे अंशांवर एक लाख तास, म्हणजे सुमारें साडेअकरा वर्षें टिकणारी नळी अवघे दहा अंश अधिक तापूं लागली, तर तिचें आयुष्य जवळजवळ निम्म्यावर येतें. नळीच्या आंत साचलेली खपली, बाहेर चिकटलेली राख, एवढ्यानेंहि दहा अंशांचा फरक पडूं शकतो. त्यांत आणखी अडचण अशी कीं, हें पोलाद तापल्यावर साध्या पोलादाच्या जवळजवळ दीडपट प्रसरण पावतें आणि उष्णता मात्र त्याच्या तिसऱ्या हिश्शानेंहि मोठ्या कष्टानें वाहून नेतें. स्टीलच्या पातेल्यांत खीर एकाच जागीं कां लागते, याचें उत्तरहि त्यांतच आहे. आणि म्हणूनच चांगल्या भांड्यांच्या बुडाला तांब्याचा थर देतात.

तांबें पोलादाच्या बाहेरच शोभतें असें मात्र नाहीं. वाफ सातशे अंशांच्या पुढें नेण्याचा एक उद्योग आपल्या देशांत कल्पाक्कमची इंदिरा गांधी अणुसंशोधन संस्था, भारत हेवी इलेक्ट्रिकल्स आणि राष्ट्रीय औष्णिक वीज महामंडळ यांनीं मिळून हातीं घेतला. त्या बाष्पकांतल्या नळ्यांसाठीं जें एक पोलाद निवडलें, त्यांत नेहमींच्या अठरा भाग क्रोमियम आणि नऊ भाग निकेल यांबरोबर तीन भाग तांबें, थोडें नायोबियम आणि थोडा नत्रवायु आहे. हें मूळचें जपानी पोलाद. त्याच्या नळ्या हैदराबादच्या मिधानी आणि अणुइंधन संकुल या संस्थांच्या साहाय्यानें येथें तयार करण्यांत आल्या. तांबें लोखंडांत फारसें विरघळून राहत नाहीं. नळी कामावर तापूं लागली कीं तें आंतल्या आंत अतिसूक्ष्म कणांच्या रूपानें सुटें होतें, आणि हे कण हजारों तास तितकेच सूक्ष्म राहून अणूंच्या रांगांची वाट अडवून धरतात. म्हणजे येथें खडे पेरण्याचें काम भट्टीवाला करीत नाहीं. नळी कामाला लागल्यावर उष्णताच तें करते. साडेसहाशे अंशांवर या पोलादाला उष्णतेच्या साध्या अठरा-आठ जातीच्या दीडपटीहून अधिक भार देतां येतो.

माझ्या त्या सहकाऱ्यांच्या हातांवर पुढें शस्त्रक्रिया झाली. मूठ वळूं लागल्यावर ते भट्टीवरच परत आले. दुसरें काम देऊं केलें होतें, तें त्यांनीं नाकारलें. तोंवर मीं नायोबियमयुक्त पोलादाचीं तबकें करविलीं होतीं; तीं आम्लालाहि टिकलीं आणि धगीलाहि. त्यांनीं मला त्या गोष्टीबद्दल कधीं एक शब्द ऐकविला नाहीं. एवढेंच कीं, दर सोमवारीं भट्टी पेटविण्यापूर्वीं ते खिशांतून गवंड्याचा दोरा काढीत, एक टोंक माझ्या हातीं देत, आणि आम्ही दोघे एकेका तबकाच्या तळाखालीं तो ताणून, दोरा आणि जाळी यांच्यामध्यें उजेड दिसतो कीं नाहीं हें पाहत असूं.